घशात गेलेली बोट

धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे बघितलं तर काहीच वेगळं दिसत नाही. पण मासेमारीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो हात करून सांगेल. लाल दिव्याचा खांब डाव्या हाताला सोडला की थोड्याच वेळात पायाखालची जमीन संपते. तिथे समुद्राच्या तळाला दरी आहे. एखादी नदी किनाऱ्याशी न थांबता पाण्याखालीही तशीच कापत पुढे गेली असावी, अशी. वर पाणी सपाट, निळं, अगदी शहाण्यासारखं; खाली उभे कडे, कपारी आणि काळोख. मच्छीमार तिला घसा म्हणत. जाळं अडकून तुटलं की ते घशात गेलं. नांगर सुटला, घशात गेला. घशात गेलेल्या वस्तूसाठी हळहळायचं नाही, नव्याच्या मागे लागायचं, असं म्हातारे पोरांना सांगत. वस्तूंच्या बाबतीत ते ठीकच होतं.

त्या बंदरावर लाकडी बोटी बांधणारे एक मिस्त्री होते. त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. बायको होती तेव्हा तीसुद्धा 'अहो मिस्त्री' म्हणायची, आधी थट्टेने आणि मग सवयीने. माणूस कमी बोलणारा. कुणाच्या घरी गेले तर दार वाजवून दोन क्षण कान देऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री दार उघडावं म्हणून वाजवत नाहीत, लाकूड कसं आहे ते कळावं म्हणून वाजवतात. आणि ते खोटंही नव्हतं. बायको लवकर गेली. एकुलत्या लेकीला त्यांनी शेडमध्येच, भुश्शाच्या ढिगावर खेळवत वाढवलं. तिच्या केसांतून लाकडाचे कुरळे पापुद्रे काढत संध्याकाळ व्हायची.

त्यांनी बांधलेली सगळ्यात मोठी बोट थोरल्याची. थोरला म्हणजे त्या बोटीचा मालक. घरात थोरला म्हणून गावालाही थोरला. मालक असूनही स्वतः सुकाणू धरायचा. मिस्त्रींचा जावई त्याच बोटीवर खलाशी होता. हसरा, उंच, दारातून आत येताना दर वेळी डोकं आपटून घेणारा. "मिस्त्रींच्या घराचं दार मिस्त्रींनीच बुटकं केलंय," तो म्हणायचा, "जावयाने मान खाली घालूनच यावं म्हणून."

एकदा धक्क्याला लागताना ही बोट दगडावर घासली आणि खालच्या अंगाचा एक सांधा उघडा पडला. बोट शेडमध्ये आली. मिस्त्रींनी सांधा साफ केला, तेलात भिजवलेला दोर ठोकून ठोकून आत भरला, वरून लांबीचा लेप दिला. हे काम त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा केलं होतं, की श्वास मोजावेत तसं ते मोजण्यात अर्थ नव्हता. बोट पाण्यात उतरली. काही दिवस नेहमीसारखी गेली, नेहमीसारखी आली.

मग एक दिवस दुपारी वारा फिरला. बाकीच्या बोटी गडबडीने परतल्या. थोरल्याची बोट परतली नाही. दुसऱ्या एका बोटीवर वायरलेसवर थोरल्याचा आवाज ऐकू आला होता. "पाणी आत येतंय." एवढंच. पुढे खरखर. शोधायला गेलेल्यांना घशाच्या वर तेलाचा तवंग आणि एक बर्फाची पेटी तरंगताना मिळाली. माणूस एकही मिळाला नाही.

"पाणी आत येतंय." या तीन शब्दांनी बंदराचे तुकडे केले. लाटेने डेकवरून पाणी आत शिरलं, असं काहींचं म्हणणं. काही म्हणत, जाळं घशाच्या कड्यात अडकलं, घशानेच बोट खाली ओढली, मग पाणी येणारच. आणि काही काहीच म्हणत नसत, फक्त मिस्त्रींच्या शेडकडे बघत. थोरल्याच्या आईने मात्र बघण्यावर भागवलं नाही. ती भर बाजारात, मासळीच्या ओट्यांमध्ये उभी राहून ओरडली, "माझा मुलगा समुद्राने नाही नेला, याच्या हाताने नेला! विचारा त्याला, तो सांधा कसा भरला ते विचारा!"

मिस्त्री तिथे होते. हातात पिशवी होती. ते काही बोलले नाहीत. लोकांना वाटलं, अपराधी आहे म्हणून गप्प आहे. काहींना वाटलं, दुःखात आहे म्हणून गप्प आहे. खरं कारण वेगळंच होतं. तो सांधा कसा भरला हे त्यांना आठवत नव्हतं. शेडमध्ये बोट कशी उभी होती ते आठवत होतं, हातोडी कोणती होती ते आठवत होतं, पण त्या एका सांध्याजवळ आपला हात नीट पोचला होता का, शेवटचा दोर पुरता बसला होता का, हे डोळ्यांसमोर येईना. रोजच्या कामाची आठवण कुठे राहते? आपण आज सकाळी दार ओढून घेतलं का, हे जसं घराबाहेर पडल्यावर आठवत नाही, तसं. फरक एवढाच, की या दाराच्या आत माणसं होती. जावई होता.

लेक तान्ह्या मुलीला घेऊन वडिलांकडे राहायला आली. ती बर्फाच्या कारखान्यात लागली. सकाळी जायची, लाद्या फोडायची, संध्याकाळी हात लाल करून यायची. तिने वडिलांना कधी, एका शब्दाने काही विचारलं नाही. मुलीला मात्र सांगायची, "तुझ्या बाबांची बोट घशाने ओढली." मिस्त्री शेजारच्या खोलीत असायचे. हे वाक्य ऐकलं की त्यांचा हातातला चहा तसाच राहायचा.

पुढे फायबरच्या बोटी आल्या. त्यामुळे मिस्त्रींना काम का देत नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. ते जुन्या होड्यांची डागडुजी करत राहिले. मात्र त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. सांधा भरताना प्रत्येक ठोक्याला ते तोंडाने पुटपुटत, "हा बसला. हाही बसला." लोकांना वाटलं, म्हातारपण आलं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली असतील. मग एक पांढरं जहाज धक्क्याला लागलं. मासे पकडायचं नाही, माल न्यायचंही नाही. घशाच्या तळाशी काय जगतं ते बघायला आलेली अभ्यासकांची टोळी होती. त्यांच्या मुख्य बाई सडपातळ, उन्हाने रापलेल्या, आणि दिवसभर बादल्यांतून चिखल चाळणाऱ्या. दोन दिवसांत त्यांचं नाव गाळवाल्या बाई पडलं. "गल्लीतलं गटार उपसायला सांगून सांगून आमची जीभ झिजली," चहावाला म्हणाला, "आणि या बाई समुद्राच्या बुडाचा गाळ काढायला आल्यात!"

एका सकाळी या बाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, तुम्हीच मिस्त्री ना? आत येऊ?"

"या. खिळे बघून या."

त्या आल्या, एका पालथ्या होडीवर बसल्या, आणि थोडा वेळ हाताचा चिखल खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कॅमेऱ्याला खाली एक बोट दिसली. पुढच्या टोकावर नंबर आहे. धक्क्यावर विचारलं तर तो नंबर ऐकून सगळे गप्प झाले. मग एकाने तुमच्याकडे पाठवलं."

मिस्त्रींनी हातातली पटाशी खाली ठेवली.

"केवढी दिसते बोट?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तळ दिसतो का?"

"फार जवळ नाही गेलो आम्ही. परवा पुन्हा यंत्र सोडणार आहोत. तुम्हाला, घरच्यांना बघायचं असेल तर जहाजावर या. नको असेल तर तसं सांगा, आम्ही त्या बाजूला जाणार नाही. काका, एक सांगते. तिथे बघण्यासारखं किती असेल ते मला माहीत नाही."

"मी येतो," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने हात धुतले, पुसले, परत धुतले. "मीही येते," ती म्हणाली. थोरल्याच्या आईला कुणी बोलावलं नव्हतं, पण बंदरावर बातमी पायांनी नाही, वाऱ्याने जाते. ठरल्या दिवशी ती काठी टेकत सगळ्यांच्या आधी येऊन जहाजाच्या शिडीपाशी बसलेली होती. मिस्त्रींकडे तिने बघितलंही नाही. शिडी चढताना मात्र तिचा पाय लटपटला, तेव्हा मिस्त्रींनी मागून हात दिला आणि तिने तो घेतला. कुणाचा आहे हे कळल्यावर सोडला.

जहाजावर एक खिडकी नसलेली लोखंडी खोली होती. आत पडदेच पडदे, आणि एक तरुण हातात दांडके धरून यंत्र चालवणारा. यंत्र म्हणजे कपाटाएवढा पिवळा सांगाडा. समोर दिवे, दोन लोखंडी हात, आणि मागे जहाजापर्यंत आलेली लांबच लांब केबल. ते पाण्यात सोडलं तेव्हा पडदा आधी हिरवा झाला, मग निळा, मग काळा. काळा झाल्यावरही ते खाली जातच राहिलं. दिव्यांच्या उजेडात पांढरे कण वरून खाली झरत होते.

"हे काय पडतंय?" लेकीने विचारलं.

"वरचं मेलेलं सगळं," गाळवाल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मासे, शेवाळ, कवचं. बारीक होऊन खाली झरतं. खाली ऊन नाही, त्यामुळे काही उगवत नाही. खालच्यांनी यावरच जगायचं. सपाट तळावर ते विरळ पडतं. दरीत मात्र सगळं घरंगळून जमा होतं. म्हणून घशात जीव जास्त."

"म्हणजे घसा नुसता गिळत नाही," थोरल्याची आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पोसतोही. दुसऱ्यांना."



मग कडा दिसला. सरळ उभा, राखाडी. त्याच्या कपारींतून गुलाबी, शेंदरी पंखे फुटल्यासारखे फाकलेले होते. बाईंनी सांगितलं, ही पोवळी, झाडं नव्हेत, प्राणी, आणि यातली काही आपल्या पणज्यांहून जुनी. काचेच्या बाटलीसारखे पारदर्शक स्पंज होते. लांब, बारीक पायांचे पांढरे खेकडे दिवा पडताच हात वर करून उभे राहत, मारामारीला तयार असल्यासारखे. शेपटीकडे निमुळता होत गेलेला एक मासा डोक्यावर उभा राहून तळाशी काहीतरी हुंगत होता. एरवी कुणीही तोंडात बोट घालावं असं ते दृश्य. मधेच कड्यावर जुनी जाळी दिसली, एकावर एक पांघरलेली, पोवळी मोडून त्यांच्यावर पडलेली. एका जाळ्यात नुकताच अडकलेला मासा अजून हलत होता. जाळं कुणाचं होतं, तो माणूस आता जिवंत होता की नाही, देव जाणे. जाळं आपलं काम करत होतं.

आणि मग बोट आली. म्हणजे, आली असं यंत्र चालवणारा म्हणाला. मिस्त्रींना बोट दिसेना.

दिसत होती ती बोटीच्या आकाराची जागा. मधोमध इंजिन, गंजाने फुगून दुप्पट झालेलं, त्यावर पांढरी फुलं यावीत तसे प्राणी चिकटलेले. मागे पंखा, गाळात अर्धा रुतलेला. जाळं ओढायचा रहाट. पुढच्या टोकाच्या चार-सहा फळ्या उभ्या होत्या, नंबर त्यावरच होता. आणि मधे, जिथे बरगड्या हव्यात, फळ्या हव्यात, तळ हवा, तिथे काही नव्हतं. गाळावर तांब्याचे हिरवे पडलेले खिळे होते. ओळीने. ज्या ओळीत मिस्त्रींनी ते ठोकले होते त्याच ओळीत. फळ्या कुणी अलगद काढून नेल्या असाव्यात आणि खिळे जागेवर ठेवले असावेत, असं ते दिसत होतं.

"लाकूड कुठे गेलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"खाल्लं," बाई म्हणाल्या. "लाकूड पोखरणारे शिंपले असतात, नखाएवढे. इतक्या खोलवर लाकूड क्वचित पडतं. झाड वाहून येतं, बोट बुडते, तेव्हाच. त्यांची पिल्लं पाण्यातून फिरत असतात. लाकूड सापडलं की शिरतात, आणि आतून खातात. मग त्यांना खायला दुसरे येतात. काही वर्षांत काही उरत नाही."

"तळाचा सांधा?"

बाईंनी मान हलवली. "नाही काका. तळ नाही."

लेक उठून पडद्याजवळ गेली. "तो रहाट जरा दाखवता का? त्याच्यावर तार आहे ना?"

यंत्र पुढे सरकलं. रहाटावर तार होती. पुरती गुंडाळलेली, एकावर एक नीट बसलेली, आणि शेजारी जाळ्याचा मोठा पुंजका, ज्यातून एक लांबट मासा आत-बाहेर करत होता. लेक कितीतरी वेळ बघत राहिली. याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळला होता, तरी तिनेच तो बोलून दाखवला.

"जाळं वर घेतलेलं होतं. म्हणजे अडकलं नव्हतं. घशाने नाही ओढली."

मुलीला वर्षानुवर्षं सांगितलेलं ते वाक्य तिथे, त्या लोखंडी खोलीत संपलं. ती परत येऊन बसली, पण वडिलांच्या शेजारी नाही, भिंतीकडच्या बाकावर.

यंत्र फिरता फिरता रबरी बुटांवर आलं. एक जोड, आणि थोडं पुढे एकटा एक. गुडघ्यापर्यंत चढणारे, सगळे खलाशी घालतात तसलेच. एका बुटाच्या तोंडातून पांढऱ्या खेकड्याने नांग्या बाहेर काढल्या आणि उजेड बघून परत आत ओढून घेतल्या.

"कुणाचे?" थोरल्याच्या आईने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. सगळ्यांचे बूट सारखेच होते.

"आणि... माणसं?" तिने विचारलं. "हाडं तरी?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. अभ्यासातली भाषा त्यांनी बाजूला ठेवली असावी, कारण त्या बराच वेळ शब्द शोधत होत्या. "आजी, तिथे हाडंही खाणारे असतात. अगदी बारीक, धाग्यासारखे. इतक्या वर्षांनी काही राहत नाही. त्रास झाला नसेल त्यांना, तो आधीच संपला असेल."

"तुला काय माहीत, त्रास कधी संपतो," म्हातारी म्हणाली. पण हात सोडवून घेतला नाही.

वर येताना यंत्राच्या लोखंडी हाताने पुढच्या टोकाच्या फळीचा एक तुकडा आणला. तो थंड पाण्याच्या टबात ठेवला होता. बाहेरून फळी फळीसारखीच, हाताएवढी रुंद, रंगाचे पोपडे अजून धरून असलेली. बाईंनी करवतीने टोक कापलं. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी पांढरा शुभ्र इवलासा शिंपला. जिवंत. मिस्त्रींनी तुकडा उचलला तर तो भिजलेल्या पावासारखा बोटांत दबला. पण त्यात दोन खिळे होते, आणि ते हलले नाहीत. त्यांच्याभोवतीचं बोटभर लाकूड तेवढं शाबूत होतं; तांब्याच्या जवळ ते शिंपले जात नाहीत, असं बाई म्हणाल्या.

जहाजाचा कप्तान वयस्क, भला माणूस होता. आजवर त्याने पुष्कळ बुडालेल्या बोटी बघितल्या असाव्यात, आणि त्यांच्या माणसांचे चेहरेही. त्याने तुकडा हातात घेऊन वळवून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय काम आहे हो! इतकी वर्षं पाण्यात, लाकूड गेलं, पण खिळा जागचा हलला नाही. ज्याने ही बोट बांधली त्याच्या हातात खोट नव्हती. लाटेचंच काम हे."

लेकीने मान वर केली. थोरल्याच्या आईनेही. दोघी मिस्त्रींकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी, परक्या माणसाने, चारचौघांत त्यांना मोकळं केलं होतं. फक्त मान डोलवायची होती.

मिस्त्रींनी तुकडा परत टबात ठेवला.

"कप्तानसाहेब, हे पुढच्या टोकाचं आहे. वरच्या अंगाचं. हे चांगलंच होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. मी भरलेला सांधा खाली होता, मागच्या बाजूला. हा तुकडा त्याच्याबद्दल काय बोलणार?"

"पण माणूस एकच ना," कप्तान म्हणाला. "हात तोच."

"हात तोच," मिस्त्री म्हणाले. "दिवस तो नव्हता."

त्यांनी गाळवाल्या बाईंकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगता येईल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "लाट असेल. सांधा असेल. दोन्ही असेल. मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं."

धक्क्यावर उतरल्यावर थोरल्याची आई थांबली. ऊन चढलं होतं. बर्फाच्या गाड्या ढकलणारे लोक जाता जाता टक लावून बघत होते. ती मिस्त्रींच्या समोर उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"हो म्हणाला असतास तर मी मानलं असतं," ती म्हणाली. "देवाशपथ मानलं असतं. आणि चूक माझी म्हणाला असतास तर तेही बरं होतं. आता काय करू मी? इतकी वर्षं तुला शिव्या देऊन दिवस काढले, आता त्याही नीट तोंडातून यायच्या नाहीत."

"द्या, काकू," मिस्त्री म्हणाले. "सवय आहे."

ती हसली नाही. "नाही रे," म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली. त्यानंतर ती फार जगली नाही.

घरी लेक काही दिवस बोललीच नाही. मग एका दुपारी, कारखान्यातून लवकर परत येऊन, ती सरळ शेडमध्ये आली. मिस्त्री रंध्याला धार लावत होते.

"हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, बाबा? कुणाचं काय गेलं असतं?"

"कुणाचं काही नाही."

"मग?"

ते रंध्याची धार अंगठ्यावर बघू लागले. ती भुश्शावर बसली. लहानपणी बसायची तिथेच असं नाही, शेडमध्ये जिथे जागा होती तिथे. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने सासरहून परत आल्यापासून ओठांच्या आत धरून ठेवला होता.

"खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं? सांधा गेला का?"

"मला आठवत नाही," मिस्त्री म्हणाले. "ज्या दिवशी बोट गेली त्या दिवसापासून आठवतोय. नाही आठवत. आठवलं असतं तर सगळ्यात आधी तुला सांगितलं असतं, काहीही असतं तरी."

तिने खूप वेळ त्यांच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, हेच मिस्त्रींना सहन झालं नाही. रागावली असती तर काहीतरी हाताला लागलं असतं.

वर्ष संपायच्या आत ती मुलीला घेऊन दूरच्या शहरात गेली. तिथे तिची नणंद होती, मुलीला चांगली शाळा होती. भांडण झालं नाही. जाताना तिने वडिलांच्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, शेजारणीला घराची किल्ली दिली. बस निघताना खिडकीतून म्हणाली, "बाबा, तुम्हाला सोडून जात नाही मी. पण रोज संध्याकाळी तुमच्याकडे बघायचं आणि आज वाटतं हो, आज वाटतं नाही... माझ्याच्याने होत नाही आता."

"जा," मिस्त्री म्हणाले. "मला आरशाचीही तीच अडचण आहे. पण त्याला सोडून जाता येत नाही."

सुट्ट्यांमध्ये ती येत राहिली. नात मोठी होत गेली, शहरातलं बोलू लागली. मिस्त्री एकटे राहिले आणि जमेल तेवढं काम करत राहिले. बोटं वाकडी झाल्यावर हातोडी सुटू लागली, तेव्हा ते नुसतेच शेडमध्ये जाऊन बसायचे. जवळून जाणारे लोक आता त्यांची अदबीने विचारपूस करत. का, ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. कप्तानाला त्यांनी काय उत्तर दिलं हे गावभर झालं होतं. काहींना तो माणूस फार मोठा वाटला आणि काहींना पुरता वेडा. त्यांतल्या कुणीही त्यांना बोट बांधायला दिली नाही. एका थंडीत ताप आला आणि तो उतरलाच नाही. लेक पोचेपर्यंत शुद्ध गेली होती, ती परत आली नाही.

घर आवरायला ती राहिली होती तेव्हा पांढरं जहाज पुन्हा आलं. गाळवाल्या बाई धक्क्यावरून मिस्त्रींना भेटायला म्हणून आल्या आणि दारातच त्यांना कळलं. दोघी उंबऱ्यावर बसल्या. बाईंचे केस आता पांढरे होऊ लागले होते.

"या वेळी खाली गेलो होतो," बाई म्हणाल्या. "दरीत मध्यंतरी मोठी दरड कोसळली. घशात असं होतं अधूनमधून, वरचा गाळ एकदम सुटतो आणि पुरासारखा खाली धावतो. इंजिन, खिळे, बूट... सगळं गाडलं गेलंय. त्या जागी आता नुसता सपाट चिखल आहे."

लेकीने ऐकून घेतलं. "आणि ते शिंपले?"

"ते आधीच गेले होते. लाकूड संपलं की तेही संपतात. मरायच्या आधी पिल्लं पाण्यात सोडतात. ती कुठेतरी दुसऱ्या लाकडापर्यंत पोचत असतील. बहुतेक पोचत नाहीत."

"असं का?"

"समुद्र मोठा आहे, म्हणून," बाई म्हणाल्या.

आतून नातीची हाक आली, सामान बांधून झालं होतं. लेक उठली, बाईंना चहा विचारायचा राहिला म्हणून ओशाळली, आणि बसची वेळ झाली होती म्हणून आत गेली.